मदत हवी आहे: शिकाऊ मराठीतल्या ‘ने’च्या चुका मोजायच्या कशा?

नमस्कार. एम. ए.च्या लघुप्रबंधाचं काम चालू आहे आणि गेले तीन आठवडे एकाच आकड्यापाशी अडून बसले आहे.

विषय असा: हिंदी मातृभाषा असलेली मोठी माणसं मराठी शिकताना ‘ने’ कसा वापरतात. ‘मीने काम केलं’ हे तुम्हीही ऐकलं असेल. हिंदीत ‘मैंने’ आहे, मराठीत ‘मी’ला आणि ‘तू’ला तिथे प्रत्ययच लागत नाही, म्हणून ते ‘मीने’. साठ जणांचे निबंध गोळा केले, 30 नवशिके आणि 30 वरच्या वर्गातले. टाइप करून अँटकॉन्क या शब्दशोधाच्या प्रोग्रॅममध्ये घातले, ‘ने’ शोधला आणि चुका एकेक करून हाताने निवडल्या.

निघालं काय, तर नवशिक्यांच्या 14 चुका आणि वरच्या वर्गाच्या 31. म्हणजे दीड वर्ष जास्त शिकून माणसं दुपटीने चुकायला लागली? मार्गदर्शक म्हणतात, शिकताना मधे अशी घसरण होतेच, तसं लिहून टाक. होते हे खरं, पण इथे तेच झालंय असं कशावरून म्हणू?

दुसरं दुखणं तांत्रिक आहे. शोधात ‘महिने’, ‘सोने’, ‘दागिने’, ‘बसने’, ‘आनंदाने’ असं सगळं येतं. मैत्रिणीने पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत शब्दयादी काढून दिली तर तीत ‘मराठी’ नाहीच, ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे आहेत. हसू नका.

काना-मात्रा:
हसत नाही, आम्हीही तिथेच पडलो होतो. पायथनचं शब्दनमुने शोधणारं नेहमीचं ‘री’ मोड्यूल काना, वेलांटी, मात्रा, हलन्त यांना अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्द तिथे तुटतो. ‘मराठी’तला काना गेला, वेलांटी गेली, उरले ‘मर’ आणि ‘ठ’. देवनागरीचा युनिकोडमधला पट्टाच नेमून द्या, मात्र त्यातून दंड आणि अंक वगळा. अँटकॉन्कमध्ये टोकनच्या (म्हणजे एक शब्द कशाला धरायचा याच्या) व्याख्येत ‘लेटर’बरोबर ‘मार्क’ हा वर्गही घेतलाय ना, ते बघून घ्या.

‘दुसऱ्या’ हा शब्दही शोधून बघा. यातला ‘ऱ्य’ तीन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ‘ऱ’ हे एकच अक्षर, साधा ‘र’ अधिक सुटा नुक्ता, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते तीन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणण्याने) पहिले दोन एक होतात, तिसऱ्याला हाताने नियम लिहावा लागतो.

शिवाय तुम्ही फक्त चिकटलेला ‘ने’ शोधलात का? हिंदीत नामानंतर तो सुटा लिहितात, त्यामुळे ‘राम ने’ असं लिहिणारे असणारच. ‘त्यानं, तिनं’ आणि ‘त्यांनी, मुलांनी’ही शोधावे लागतील. तिथे ‘पाणी’च्या जागी कुणी ‘पानी’ लिहिलं असेल तर तोही जाळ्यात येईल. आमच्या मोजणीत ‘कहानी’ दोन दिवस अनेकवचनी कर्ता होऊन बसली होती.

आपोआप पदच्छेद करून घ्यायचा मोह होईल. स्टँझा या भाषा-विश्लेषणाच्या साधनात मराठीचं मॉडेल आहे, पण ते ज्या वृक्षकोशावर (व्याकरणाच्या खुणा केलेल्या वाक्यांच्या संग्रहावर) शिकलंय त्यात 500 सुद्धा वाक्यं नाहीत आणि शिकाऊंची मराठी त्यात नाही. साठ निबंध म्हणजे हाताने होण्याजोगं काम आहे, हातानेच करा.

शेवटचा बाक:
तांत्रिक भाग वर आला आहेच, मी आकड्याबद्दल बोलतो. 14 आणि 31 हे अंश झाले. छेद कुठे आहे?

‘ने’ची चूक करायला आधी ‘ने’ लागेल असं वाक्य लिहावं लागतं. नवशिका ‘मी सकाळी उठतो, चहा घेतो’ असंच लिहीत राहिला तर तो चुकणार कुठे? भाषाशिक्षणाच्या अभ्यासक जॅकलिन शॅक्टर यांनी 1974 मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या संबंधी उपवाक्यांत (‘जो मुलगा आला तो’ अशा) फारसी आणि अरबी विद्यार्थ्यांपेक्षा चुका कमी होत्या. कारण ती वाक्यं ते फारशी लिहीतच नव्हते. नुसत्या चुका वेचल्या की टाळाटाळ नजरेतून सुटते.

तेव्हा जिथे जिथे ‘ने’ यायलाच हवा होता अशा सगळ्या जागा मोजा, आला असो वा नसो. नको तिथे आलेला ‘ने’ वेगळा मोजा. ‘मीने’ त्या दुसऱ्या ढिगात जाईल. आणि फक्त सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ धरू नका. ‘त्याने यावं’, ‘तिने जायला हवं’ इथे क्रियापद अकर्मक असूनही ‘ने’ लागतो. ‘बसने’, ‘आनंदाने’ बाजूला काढा, ते ‘ने’ कर्त्याचे नव्हेत.

‘त्याने पुस्तक वाचली’ ही तुमच्या हिशेबात कुठली चूक आहे? इथे ‘ने’ बरोबर आहे, चुकलं ते लिंग. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. हिला वेगळा टॅग द्या. त्यातही ‘पुस्तकं वाचली’ शुद्ध आहे, म्हणजे शिकाऊ माणसाने एक अनुस्वार गाळला की लिंगाची चूक आणि शुद्धलेखनाची चूक यांत फरकच करता येत नाही. अशांना ‘संदिग्ध’ म्हणून तिसरा डबा ठेवा. ओढूनताणून कशातही कोंबू नका.

आता एक प्रश्न. दोन्ही गटांना निबंधाचा विषय एकच होता का?

धागाकर्ती:
नाही. (इथे मी डोक्याला हात लावला.) नवशिक्यांना ‘माझा दिवस’, वरच्यांना ‘लक्षात राहिलेला प्रवास’. निबंध वर्गात आधीच लिहून झालेले होते, मी फक्त परवानगी घेऊन मागून आणले.

शेवटचा बाक:
मग टाळाटाळ म्हणायचीही सोय नाही. ‘माझा दिवस’ हा विषय भूतकाळ मागतच नाही. जे मागितलं नाही ते टाळलं कसं म्हणणार? दोन गटांची तुलना या निबंधांवर उभी राहणार नाही, छेद काढलात तरी.

पण साहित्य वाया गेलेलं नाही. वरच्या गटातली क्रियापदंच एकमेकांशी ताडून बघा. ‘करणे, वाचणे’ला दोन्ही भाषांत ‘ने’ लागतो. ‘विसरणे’ला दोन्हींत नाही: ती नाव विसरली, वह नाम भूल गई. गंमत आहे ती या चौकटीच्या उरलेल्या दोन घरांत, जिथे दोन्ही भाषांचं जुळत नाही. ‘आणणे’: त्याने पिशवी आणली, पण हिंदीत ‘वह थैला लाया’. ‘शिकणे’ बरोबर उलट: तो मराठी शिकला, पण ‘उसने मराठी सीखी’. चुका मातृभाषेतून येत असतील तर ‘तो पिशवी आणला’ आणि ‘त्याने मराठी शिकली’ या दोन उलट्या दिशांना त्या साचायला हव्यात. नुसता नियम कच्चा असेल तर चारही घरांत विखुरतील. माणसं तीच, विषय तोच, त्यामुळे तुमची मूळ अडचण इथे येत नाही.

‘म्हणणे’ मात्र जपून. ‘तो म्हणाला’ला ‘ने’ नाही, ‘त्याने म्हटलं’ला आहे. एकाच क्रियापदाची दोन रूपं दोन घरांत. मी तर ते वगळूनच टाकेन.

हलन्त:
शेवटचा बाक यांच्याशी सहमत. एक भर: 31 चुका किती जणांच्या? एकाच माणसाच्या दहा असतील तर त्या दहा स्वतंत्र नोंदी नव्हेत, आणि गटांतल्या संख्यांची तुलना करणारी काय-वर्ग चाचणी तर नोंदी स्वतंत्र आहेत असं धरून चालते. व्यक्ती आणि क्रियापद हे यादृच्छिक घटक धरणारं, म्हणजे माणसामाणसातला आणि क्रियापदाक्रियापदातला फरक हिशेबात घेणारं मिश्र प्रतिमान लावा, ‘आर’ या सांख्यिकीच्या प्रोग्रॅममध्ये सोय आहे.

दुसऱ्या कुणाकडून तरी स्वतंत्रपणे टॅग करून घ्या, आणि ‘90 टक्के जुळलं’ यावर खूश होऊ नका. समजा 100 जागा आहेत, दोघांनीही 10-10 चूक धरल्या, पण त्यातल्या 5 च सामाईक. जुळणी 90 टक्केच दिसते. नुसत्या योगायोगाने 82 टक्के जुळलंच असतं, ते दोन्हींकडून वजा केलं की 18 पैकी 8 उरतात, म्हणजे कोहेनचा कापा हा जुळणीचा मापक येतो 0.44. हे काही फार चांगलं नाही.

अवांतर: ‘मी काम केलो’ला सरसकट चूक म्हणताना जरा थांबा. काही बोलींत तसंच म्हणतात. या मंडळींनी मराठी कुणाच्या तोंडून ऐकली, ते विचारलं आहे का?

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून मोजलं. 31 पैकी 11 चुका एकाच गृहस्थांच्या निघाल्या. त्यांनी प्रत्येक ‘मी’ला इमानेइतबारे ‘ने’ लावलाय. मराठी कुणाकडून ऐकली हे विचारलं नव्हतं, आता प्रत्येकाला फोन करते आहे.

‘आणणे’च्या 9 जागा सापडल्या, ‘शिकणे’च्या फक्त 2. प्रवासवर्णनात कोण कशाला काही शिकतंय! एवढ्यावर काही बोलता येणार नाही. म्हणून दोन्ही गटांना एकच शब्दविरहित चित्रमालिका देऊन ‘काल काय झालं ते लिहा’ म्हणायचं ठरवलंय. पिशवी आणणं, छत्री विसरणं, पत्र वाचणं ही चित्रं सोपी आहेत. शिकणं कसं काढायचं?

काना-मात्रा:
सायकल. पहिल्या चित्रात पडते, दुसऱ्यात कुणीतरी मागून धरतं, तिसऱ्यात एकटी जाते. ‘ती सायकल शिकली.’

धागाकर्ती:
अगदी! आता सगळ्यांनी ‘तिने सायकल चालवली’ लिहून पळवाट काढली नाही म्हणजे मिळवली.

शेवटचा बाक:
काढतीलच. तेही मोजा.