हजार फ्लॅटचा पाणी-शाळांवरचा बोजा परवानगीआधी मोजावा का?

नगरगणित:
मोजायलाच हवा. बांधकामाला परवानगी देताना घेतात त्या विकास शुल्काची तरतूद एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यात १९९२ पासून आहे, पण शुल्क ठरतं रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दरतक्त्याच्या, जमीनदरावर. माणसं तेवढीच असली तरी पुण्यात महागड्या कोथरूडच्या प्रकल्पाला शुल्क जास्त, शहराच्या कडेच्या वाघोलीच्या प्रकल्पाला कमी. आणि लांबलचक नवी जलवाहिनी लागते ती वाघोलीलाच!

घरटी साडेचार माणसं धरली तर हजार फ्लॅटचे ४,५०० लोक. माणशी १३५ लिटरने रोज सहा लाख लिटर पाणी. १५ टक्के गळती धरली की सात लाखांवर सोडावं लागतं. वापराच्या ८० टक्के मैलापाणी होऊन परत येतं. पाणी नसेल तर दहा हजार लिटरचे साठ टँकर, रोज. हे रुपयांत मांडा, मगच परवानगी द्या.

ताळेबंद:
असहमत. वन बीएचके आणि थ्री बीएचकेला एकच साडेचार कसे? शाळेतली मुलं तर फ्लॅटच्या आकाराप्रमाणे फारच बदलतात. शेजारच्या भरलेल्या सोसायट्यांत मोजून घ्या. गुंतवणुकीचे फ्लॅट वर्षानुवर्षं बंद असतात, तेही वजा करा. नवे रहिवासी मालमत्ता कर, पाणीपट्टी भरणारच आहेत. आधीपासूनची तूट त्यांच्या माथी का मारायची?

जलवाहिनी:
तुम्ही दोघंही सरासरीत अडकलात. खर्च पायरीपायरीने वाढतो. २० लाख लिटरच्या टाकीतून १८ लाख आधीच जात असतील, तर हा प्रकल्प नवी टाकी मागतो. दहा लाख शिल्लक असतील, तर जोडवाहिनीवर भागतं. म्हणून आधी शिल्लक क्षमता काढा. आणि मंजूर झालेले पण लोक राहायला न आलेले सगळे प्रकल्प त्यातून वजा करा. हे राहून जातं, म्हणून एकेकटा प्रकल्प कागदावर नेहमीच 'बसतो'.

नगरगणित:
जुनी तूट वेगळी काढा, हे मान्य. पण कराचा मुद्दा पटत नाही. टाकी लोक यायच्या आधी बांधावी लागते, फ्लॅटचा कर भोगवट्यानंतर, म्हणजे राहायची परवानगी मिळाल्यावर, सुरू होतो. त्या करातून पंपाची वीज, पगार, दुरुस्ती भागवायची असते. भांडवली आणि आवर्ती खर्च एकाच खात्यात टाकू नका.

ताळेबंद:
मग आधी घेतलेल्या शुल्काचं बोला. २०२१ मध्ये २३ गावं पुणे पालिकेत आली, पण तिथलं नियोजन प्राधिकरण म्हणून सरकारने नेमलं पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). म्हणजे परवानगी एकाकडे, नळ आणि कचरा दुसऱ्याकडे अशी विभागणी झाली. फ्लॅटवाल्याकडून वाढीव पैसे मागण्याआधी जमा शुल्काचा प्रकल्पनिहाय हिशेब जाहीर करा. तोवर माझा विरोधच राहील.