पेपर एक होता, सीटा नव्हत्या
मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पेपर सगळ्यांना एकच, मग अन्याय कसला, असं काहीजण म्हणतात. पेपर एकच होता हो, पण सीटा सारख्या कुठं होत्या? 2020 पर्यंत मेडिकलला 70:30 होतं, राज्याच्या कोट्यातल्या 70 टक्के जागा त्या त्या विभागातल्या पोरांना, अन् मराठवाड्यात कॉलेजंच कमी, त्यामुळं नीटला तेवढेच मार्क घेऊन पुण्या-मुंबईकडच्या पोराला सीट अन् आमचं पोरगं रिपीटर.

भाच्याचं 2019 ला हेच झालं. लातूरच्या खोलीवर गादी, पुस्तकांची पेटी सगळं गावाकडं न्यायला बांधून ठेवलेलं, लिस्ट लागल्यावर बहिणीनं एक शब्द न बोलता ते बांधलेलं सामान परत सोडलं. सप्टेंबर 2020 ला ती अट रद्द झाली, पण त्याचं वर्ष गेलं ते गेलंच.