मदत हवी आहे: हर्नियाच्या ऑपरेशननंतर रात्री पॅरासिटामॉल कसं द्यायचं?

मुलगा 5 वर्षांचा, वजन 17 किलो. गुरुवारी ठाण्यात जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन, संध्याकाळी घरी सोडणार. भूलतज्ज्ञ माकडहाडापाशी ब्युपिव्हाकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देणार, म्हणजे कॉडल ब्लॉक. असर साधारण 4 ते 6 तास. म्हणजे तो उतरणार नेमका घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये!

नंतर दर 6 तासांनी पॅरासिटामॉल, किलोमागे 15 मिलिग्रॅम. दमा आहे म्हणून आयब्युप्रोफेन नको म्हणाले. पण सिरप जिभेला लागलं की हा ओकतो. मधातून, केळ्यातून, सगळं करून झालं. शौचाच्या जागेतून द्यायची सपोझिटरी चालेल म्हणाले, ती कासारवडवलीतल्या तिन्ही मेडिकलमध्ये नाही.

250 मिलिग्रॅमची ठाण्यात कुठे मिळेल? आणि कॉडल झालेल्या मुलांच्या आईबाबांनो, पहिला डोस असर उतरायच्या आधीच दिलात का?