मदत हवी आहे: नॅरोबोटने एका दिवसात बाथला जाऊन परत येता येईल का?

सातारकर_यूके: आईबाबा आलेत, येत्या शनिवारी एक दिवसाची नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) बुक केलीये. ब्रॅडफर्डहून निघून बाथ बघून संध्याकाळी परत यायचंय, जमेल का? आम्ही कुणीच कधी बोट चालवलेली नाही. बोटवाल्यांना दोनदा मेल केला, उत्तर नाही. प्लीज लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

नीरजा_लीड्स: ब्रॅडफर्डहून बाथ?? दोनेकशे मैल असेल. इकडे जवळ बिंगलीला पाच लॉकची (पाणी भरून बोट वर चढवायचे दरवाजांचे कप्पे) शिडी आहे, एकाला एक लागून, 1774 ची, बोट जवळजवळ 18 मीटर वर चढते. लॉककीपर मदत करतो, घाबरू नका. आईबाबांना नक्की आवडेल.

सातारकर_यूके: अहो यॉर्कशायरचं नाही, ब्रॅडफर्ड ऑन एव्हन!! बाथ लिहिलंय ना वर.

होडीवाला: केनेट अँड एव्हन कालवा म्हणजे. बोट किती वाजता ताब्यात मिळते, परत कधी द्यायची, लांबी किती, आणि माणसं किती, हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

सातारकर_यूके: साडेनऊ ते पाच. लांबी माहीत नाही. आम्ही दोघं, आईबाबा, मुलगा 3 वर्षांचा. लॉक लागणार नाही एवढं बुक करताना म्हणाले होते.

होडीवाला: मग नाही जमणार. तिथून बाथच्या पहिल्या लॉकपर्यंत साधारण नऊ मैल. कमाल वेग ताशी 4 मैल, पण त्या पट्ट्यात काठाला बोटी ओळीने बांधलेल्या असतात, त्यांच्याजवळून इंजिन अगदी हळू करून जायचं, नाहीतर त्यांच्या दोऱ्या ताणतात आणि आत लोक राहतात, त्यांचा चहा सांडतो. ताशी 2-अडीच मैल धरा. जाऊनयेऊन आठ तास, न थांबता.

अलेप्पी_फॅन: त्यापेक्षा केरळला हाउसबोट घ्या, चालवायला माणूस असतो, करीमीन फ्राय मिळतं.

होडीवाला: ते इंग्लंडमध्ये आहेत हो.

मिडलँड्सकर: मला वाटतं पहाटे निघाले तर जमेल, आम्ही ग्रँड युनियन कालव्यावर दिवसाला 20 मैल केलेत.

होडीवाला: साडेनऊला बोट मिळते म्हणालेत ते, पहाटे कुठून निघणार. आणि तुम्ही आठवडाभर बोटीवर होता, अंधार पडला की वाटेत बांधून झोपलात. यांना पाचला परत द्यायचीये, लहान मूल घेऊन.

नीरजा_लीड्स: बोटीत टॉयलेट आहे का ते आधी विचारा. आमच्या वेळी सासूबाईंचे फार हाल झाले.

सातारकर_यूके: टॉयलेट आहे. पण बाबांना काय सांगू? ते पाटबंधारे खात्यात होते, सगळी नोकरी नीरा उजव्या कालव्यावर झाली. कालवा नदीवरून नेलाय ते त्यांना डोळ्यांनी बघायचंय, त्यासाठीच तर बाथ.

होडीवाला: हे आधी सांगायचं ना! मग बाथ सोडाच. वाटेत असे दोन जलसेतू आहेत. आधी अ‍ॅव्हनक्लिफ, तिथे दोन्ही टोकांना जवळपास काटकोनात वळण आहे, हॉर्न द्या आणि एकाला पुढे पाहायला उभं करा. नंतर डंडास, जॉन रेनीने बांधलेला, बाथच्या दगडाचा, खाली एव्हन नदी आणि रेल्वे. तिथपर्यंत दोन-अडीच तास. पुलापलीकडे लगेच बोट वळवायची रुंद जागा आहे. बोट तिथे बांधा, बाबांना पुलावर निवांत चालू द्या, जेवा, परत फिरा.

टिलर (मागचा सुकाणूचा दांडा) डावीकडे ढकलला की नाक उजवीकडे जातं, पहिली दहा मिनिटं सगळ्यांचं उलटसुलट होतं. समोरून बोट आली की आपण उजवीकडे. आणि बोट काठावर आदळतेय असं वाटलं तर हातापायाने अडवायला कुणी जाऊ नका, आदळू दे. कित्येक टन लोखंड आहे ते.

मिडलँड्सकर: हे बरोबर. छोट्याला लाइफ जॅकेट मागून घ्या, सगळेच देतात असं नाही. स्वेटर पण, एप्रिलमध्ये मागे टिलरवर उभं राहिलं की बोटं गारठतात.

कोथरूडची_सई: अशी बोट विकत घेऊन राहायला परवडतं का? लंडनचं भाडं झेपत नाहीये.

मिडलँड्सकर: वेगळा धागा काढा.

सातारकर_यूके: बाबांना डंडासचे फोटो दाखवले, बाथचं नाव नाही काढलं त्यांनी. बाथ आता रविवारी ट्रेनने. आईचा गुडघा दुखतो, बोटीत उतरायला पायऱ्या किती असतात?

होडीवाला: दोन-तीन, पण उंच. पुढच्या बाजूने चढवा आईंना.