अनुभव धागा : माफ केलं आणि संसार सावरला

आमच्या आजीच्या तोंडी लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट कायम असायची. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली, तरी माया आटली नाही आणि शेवटी त्या टिळकांकडे परत गेल्याच. १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला पण तो त्यांच्या मनाला पटल्यावर. मला हे थांबणं फार मोठं वाटतं. तुमच्या घरात असं काही घडलंय? मनमोकळं लिहा.

राहुरीहून
जय ख्रिस्त. माझे वडील खूप प्यायचे. आईचे काळे मणी दोनदा गहाण पडले, उधारीवाले दारात आले की मीच सांगायचे पप्पा घरी नाहीत आणि ते आत खाटेवर पडलेले असायचे. रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना चालू झाली की 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे', म्हणजे आमचं वाईट करणाऱ्यांना माफ केलंय, इथं माझे ओठ मिटायचे, खोटं कसं म्हणू? लग्न ठरलं तेव्हा ह्यांना सांगून टाकलं, पप्पांना बोलावणार नाही. हे म्हणाले, बरं, तुझ्या मनाला येईल तसं. उपदेश नाही काही नाही, तिथंच मला हे आवडले खरं तर.

दोन वर्षांनी पप्पांचं लिव्हर गेलं. हे कामावरून परस्पर डबा घेऊन हॉस्पिटलात जायचे, मला कळलं ते डब्याच्या पिशवीत पप्पांच्या नावाची औषधाची चिठ्ठी सापडली म्हणून. खूप भांडले मी. "तू नको येऊ, पण त्यांच्या पोटात भाकरी तरी जाऊ दे" एवढंच बोलले. आठव्या का नवव्या दिवशी मीच गेले. पप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, तुझ्या आईचे मणी सोडवायचे राहिले गं. मी भाकरी दुधात कुस्करून भरवली. त्या रविवारी ती ओळ म्हटली, आवाज फुटत नव्हता, ह्यांनी हळूच हात धरला.

पुण्याहून
ताई, वाचून रडले. माझं जरा वेगळंय. पहिला नवरा मारायचा, आणि चर्चच्या मंडळीतले मोठे लोक मला 'साताच्या सत्तर वेळा' माफ कर, हे येशूचं वचन ऐकवायचे. मी माफ केलं, मनापासून, पण परत गेले नाही, मार खायला परत जा असं प्रभू कुठंच म्हणत नाही. दुसरं लग्न चाळिशीत झालं. सुरुवातीला हातातून कप पडला तरी मी भिंतीला चिकटायचे, हे निवांत खाली बसून काचा वेचायचे आणि दुसऱ्या कपात चहा आणून द्यायचे.

वसईहून
आमचं प्रेमलग्न, सासरे सहा वर्षं बोलले नाहीत. एका मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर म्हणाले एकमेकांना शांती द्या, मी मागं वळलो तर सासरेच उभे. दोघंही गांगरलो. मग त्यांनी हात पुढं केला आणि पुढचं गायन सुरू झालं तरी सोडला नाही.