शनिवारची सहल: बस नेमकी कुठल्या स्टॅग फील्डला?

प्रेषक: सहल समिती

मंडळी, बसवाल्याचा आत्ताच फोन होता. आपण पत्ता नुसता 'स्टॅग फील्ड' दिलाय, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचे कोच एमोस स्टॅग यांच्या नावाचं शिकागो विद्यापीठाचं मैदान. तो नकाशात टाकला की कॉटेज ग्रोव्हजवळचं नवं मैदान येतं. आपल्याला हवंय जुनं, एलिस अ‍ॅव्हेन्यूवरचं, आणि तिथे आता रेगेन्स्टाइन ग्रंथालय आहे. ४० मुलं उतरवायची कुठे? उद्या दुपारपर्यंत त्याला लेखी पत्ता हवा आहे.

प्रेषक: नेपरव्हिलचे काका

नव्या मैदानावरच न्या. मुलांना पळायला जागा हवी. ग्रंथालयाची भिंत बघून ती दहा मिनिटांत कंटाळतील.

प्रेषक: रविवारची शाळा

काका, नव्या मैदानाला फक्त नाव मिळालंय. स्टॅगनी ४१ मोसम काढले ते जुन्या जागेवर. येल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत होते, पण आपल्याला भाषण जमत नाही म्हणून धर्मोपदेशक व्हायचा विचार सोडला. येलला त्यांना शिकवणारे हार्पर शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले आणि १८९२ मध्ये त्यांनी स्टॅगना बोलावलं, तेही अध्यापकाचा दर्जा देऊन. कोचला तो मान तेव्हा कोण देत होतं? पहिल्या मोसमात ते स्वतः मैदानात उतरून खेळलेत. १९०५ मध्ये त्यांच्या संघाने मिशिगनला २-० असं हरवलं, त्याआधी मिशिगन सलग ५६ सामने अपराजित होतं. मुलांना हे त्याच जागी उभं राहून ऐकू द्या.

आणि मुलांसाठी छापायला दिलेलं सहलीचं माहितीपत्रक शाळेचं आहे, समितीने त्यात परस्पर बदल करू नये ही विनंती.

प्रेषक: शॉमबर्गच्या ताई

बदल करावाच लागेल. पत्रकात 'स्टॅग कोच असताना स्टेडियमखाली अणुभट्टी चालली' असं छापलंय. भौतिकशास्त्रज्ञ फर्मींचा तो अणुभट्टीचा प्रयोग २ डिसेंबर १९४२ चा. स्टॅगना विद्यापीठाने १९३२ च्या मोसमानंतर, सत्तरी झाली म्हणून, निवृत्त केलं होतं. १९३९ मध्ये तर विद्यापीठाने फुटबॉलच बंद केला. म्हणून तर पश्चिमेकडच्या प्रेक्षागाराखालची जागा प्रयोगाला मोकळी मिळाली. मुलं हे पाठ करतील, तेव्हा चूक राहायला नको.

प्रेषक: खजिनदार

सत्तरीवरून माझ्या बाबांची आठवण आली. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत ते पीटीचे सर होते. ५८ पूर्ण झाल्यावर निरोपाचा नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ते पुन्हा मैदानावर, खो-खोच्या मुली वाट बघत होत्या म्हणून. पुढे बारा वर्षं बिनपगारी शिकवलं. शाळेने मैदानाची किल्ली मागून घेतली, तेव्हा देवळामागच्या मोकळ्या जागेत खांब रोवले. त्यांचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

स्टॅगही घरी बसले नाहीत. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॉकटनच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेले, तिथे १९४६ पर्यंत होते. ८१ व्या वर्षी, १९४३ मध्ये, वर्षातले सर्वोत्तम कोच ठरले! नंतर पेनसिल्व्हेनियात मुलाच्या हाताखाली काम केलं. १९६५ मध्ये गेले तेव्हा वय होतं १०२. पत्रकात १९३२ नंतर एक ओळ नाही, आणि मला तरी त्यांच्या आयुष्यातला हाच भाग मुलांना सांगावासा वाटतो.

प्रेषक: नेपरव्हिलचे काका

खजिनदारसाहेब, तुमच्या बाबांचं वाचून गलबलून आलं. मुलांना हेही तुम्हीच सांगा. माझा हट्ट सोडतो, आधी जुनी जागा. पण बास्केटबॉलचंही येऊ दे. आपली निम्मी मुलं तोच खेळतात. हा खेळ शोधणारे नेस्मिथ हे मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला स्टॅगचे सहकारी. मार्च १८९२ च्या पहिल्या जाहीर सामन्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५-१ असं हरवलं, शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅगचा.

प्रेषक: रविवारची शाळा

ताई, चूक मान्य. छापखान्याला थांबवलंय, स्टॉकटनचा परिच्छेद खजिनदारांनी आज रात्री पाठवावा. बास्केटबॉलला दोन ओळी देते, जास्त जागा नाही.

प्रेषक: सहल समिती

बसवाल्याला कळवलं: एलिस अ‍ॅव्हेन्यू, ५६ आणि ५७ व्या रस्त्यांच्या मध्ये, हेन्री मूर यांच्या ब्राँझ शिल्पापाशी. तिथून नव्या मैदानावर चालत, डबे तिथेच. काका, बॉल तुम्ही आणा.