हाताने घडवलेल्या जुन्या कपाटातील कारागिरी नेमकी कुठे पाहावी?

प्रश्न : वेलबुट्टी

माझ्याकडे नुकतेच भरीव लाकडाचे, हाताने घडवलेले एक जुने ड्रॉवरचे कपाट आले आहे. पाहणारा प्रत्येक जण दर्शनी भागावरच्या कोरीव वेलबुट्टीचे कौतुक करतो आणि ती सुरेख आहेच. परंतु कारागिराचे खरे कसब तेवढ्यातच संपत असेल असे मला वाटत नाही. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून पाहिला तेव्हा बाजूची आणि समोरची फळी जिथे मिळते तिथे पंख्यासारखे फाकलेले दाते एकमेकांत बसवलेले दिसले. मात्र ते एकसारखे नाहीत, आणि ड्रॉवरचा तळ तर खालून चक्क ओबडधोबड आहे. ज्याने समोरची वेल इतक्या निगुतीने कोरली, त्यानेच तळाकडे असे दुर्लक्ष का करावे? शिवाय कपाटाच्या एका कुशीची फळी लाकडाच्या रेषेत उभी तडकली आहे. हे निष्काळजीपणाचे लक्षण मानावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : रंधा-पटाशी

आपण ड्रॉवर बाहेर काढून पाहिलात, ही सुरुवात अगदी योग्य झाली. या सांध्याला डोव्हटेल म्हणतात. ड्रॉवर दररोज पुढे ओढला जातो, म्हणजे समोरची फळी बाजूच्या फळ्यांपासून सुटावी असाच जोर तिच्यावर सतत पडत असतो. दाते टोकाकडे रुंद होत गेलेले असल्यामुळे त्या दिशेने ते निसटूच शकत नाहीत, आणि सरस कालांतराने निकामी झाला तरी सांधा पकड सोडत नाही. आता समोरून पाहा: दाते मुळीच दिसणार नाहीत, कारण समोरच्या फळीत खाच आरपार न नेता बाहेरच्या अंगाला लाकडाचा पातळ थर राखून ठेवलेला असतो. ही आंधळी खाच करवतीने पुरी कापता येत नाही. कोपऱ्यातले उरलेले लाकूड पटाशीने हळूहळू काढावे लागते. दात्यांच्या मुळाशी बारीक आडवी रेघ दिसली, तर ती कारागिराने आखणी करताना टोकदार हत्याराने ओढलेली रेघ आहे. पुष्कळ जुन्या कामांत ती पुसण्याची तसदी कोणी घेतलेली नसते, आणि मला स्वतःला ती वेलबुट्टीपेक्षाही अधिक मोहात पाडते.

दाते असमान आहेत कारण ते नजरेच्या अंदाजाने कापलेले आहेत. यंत्राने कापलेले काटेकोर एकसारखे दाते 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास दिसू लागले.

तळाच्या खडबडीतपणाला मात्र दुर्लक्ष म्हणू नका. त्या काळी फळीचा प्रत्येक पृष्ठभाग हातानेच रंधून काढावा लागे. जाड फळी झटपट पातळ करण्यासाठी गोलसर धारेचा रंधा वापरत आणि त्याचे उथळ पन्हळ मागे राहत. तळावरून रेषेच्या आडवी बोटे फिरवा किंवा विजेरीचा झोत तिरपा टाका, म्हणजे ते लाटांसारखे उमटलेले दिसतील. नंतर ड्रॉवर ज्या कडांवर सरकतो त्या कडा तपासा; त्या तुम्हाला तासून गुळगुळीत केलेल्या आढळतील. श्रम कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे त्याने पुरेपूर ओळखले होते.

उत्तर : सावकाश

वरील उत्तराला माझी एक पुरवणी. लाकूड कापल्यावरही हवेतील दमटपणाप्रमाणे फुगत आणि आक्रसत राहते. तेही सगळीकडे सारखे नाही. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत लांबीत जेमतेम 0.1 ते 0.2 टक्के आटते, परंतु वार्षिक वलयांच्या दिशेने बहुतेक जातींत ही घट साधारण 5 ते 10 टक्क्यांपर्यंत जाते, तर गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. जुन्या कातीव पायाचा व्यास कॅलिपरने दोन दिशांनी मोजला तर तो बहुधा किंचित लंबगोल भरतो, ते याच कारणाने.

चांगला कारागीर या हालचालीशी झगडत नाही, तिला वाट करून देतो. दाराच्या चौकटीतील दिलहा (मधली फळी) खोबणीत सरस न लावता मोकळा बसवलेला असतो, म्हणून तो फुगला तरी चौकट फाटत नाही. चौकटीचे कोपरे कूस (एका लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) आणि खाच यांनी जोडताना खुंटीची दोन छिद्रे मुद्दाम केसभर मागेपुढे पाडतात, जेणेकरून खुंटी ठोकताच कूस आत ओढली जाऊन सांधा आवळला जातो.

तड्याचे कारण बहुधा आत सापडेल. ड्रॉवर ज्या आडव्या पट्ट्यांवर सरकतात त्या कुशीच्या फळीला रेषेच्या आडव्या, खिळ्यांनी किंवा सरसाने पक्क्या केलेल्या असतील, तर फळीला आक्रसायला जागाच उरत नाही आणि ती कुठेतरी तडकते. हा निष्काळजीपणा नसला तरी रचनेतील दोष आहेच, आणि तो नामांकित कामांतही आढळतो.

उत्तर : उलट तपासणी

थोडा विरोधी सूर लावतो. ‘ज्याने वेल कोरली त्यानेच तळ सोडला’ हे आपले गृहीतकच तपासायला हवे. मोठ्या कार्यशाळांत जोडकाम, कातकाम, कोरीवकाम आणि पॉलिश वेगवेगळ्या हातांकडे असे. व्हर्सायच्या राजवाड्यातील फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे प्रसिद्ध मेज 1760 मध्ये फर्निचर-कारागीर ओबेन यांनी सुरू केले आणि त्यांच्या निधनानंतर रीझनर यांनी 1769 मध्ये पूर्ण केले. त्यावरचे धातुकाम आणखी निराळ्या कारागिरांचे आहे. शिवाय हाताने केलेले सुमार कामही त्या काळी भरपूर होत असणार. ते मोडून जळणात गेले आणि उत्तम तेवढे आपल्यासमोर उरले.

असमान दाते हा जुनेपणाचा पुरावाही नव्हे, कारण नकल करणाऱ्यालाही ते कापता येतात. झीज योग्य जागी आहे का, ते पाहा. सरकणाऱ्या कडा झिजलेल्या हव्यात आणि हात न पोहोचणारे कोपरे तीक्ष्ण राहिलेले हवेत. एखादा स्क्रू मूळचा वाटत असेल तर त्याचे टोक तपासा. टोकदार स्क्रू यंत्रावर बनू लागले ते 1840 च्या दशकात, त्याआधीचे बोथट असत.

वेलबुट्टी (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कुशीच्या आतल्या बाजूने पाहिले, तर आडव्या पट्ट्या खरोखरच खिळ्यांनी ठोकलेल्या आहेत आणि तडा नेमका त्या खिळ्यांच्या ओळीतून गेला आहे. तळावरचे पन्हळही बोटांना स्पष्ट जाणवतात. आता तडा लांबीने (पुट्टीने) भरून वरून नवे पॉलिश द्यावे का?

उत्तर : रंधा-पटाशी

कडक लांबी भरू नका. दमट हवेत फळी फुगली की ती लांबी पाचरीचे काम करील आणि तडा वाढेल. तो रुंदावत नसेल तर तसाच राहू द्यावा. भरायचाच असेल तर त्याच जातीच्या लाकडाची बारीक चीप प्राणिज सरसाने बसवून घ्यावी, कारण तो सरस ऊब आणि ओलावा दिला की पुन्हा सुटतो. पॉलिश खरवडण्यापूर्वी न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवून पाहा. थर विरघळून चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश आहे, आणि त्यावर स्वच्छ करून लाखेचाच पातळ हात देता येतो.